पिवळ्या माथ्याचे दगड

फ्रान्सच्या ग्रामीण भागात सायकल चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांवर असतं. दगडाचा माथा लाल असला तर तो राष्ट्रीय महामार्ग. तिथे ट्रकची वर्दळ आणि घाईत निघालेल्या मोटारी. माथा पिवळा असला तर तो जिल्ह्याच्या अखत्यारीतला रस्ता. दगडावर ‘डी’ हे अक्षर, शेजारी एक आकडा आणि पुढच्या गावाचं अंतर. दोन मोटारी जपून एकमेकींच्या बाजूने जातील एवढीच रुंदी, कडेला गहू, सूर्यफूल नाहीतर द्राक्षमळे, आणि चार-पाच किलोमीटरवर पुढच्या गावच्या चर्चचा मनोरा. दर जुलैत ‘टूर द फ्रान्स’ शर्यत दाखवताना हेलिकॉप्टरमधून जो देश दिसतो, तो बहुतांशी याच रस्त्यांच्या काठचा.

अशा जिल्हा रस्त्यांची लांबी सुमारे ३ लाख ८० हजार किलोमीटर आहे. गावांच्या मालकीचे रस्ते आणखी जवळपास ७ लाख किलोमीटर भरतात. याउलट मोटारींचे द्रुतगती मार्ग सुमारे १२ हजार किलोमीटरच आहेत. लांब पल्ल्याची बहुतेक वाहनं त्या १२ हजार किलोमीटरवर आणि मोजक्या महामार्गांवर एकवटतात. बाकीचं अफाट जाळं ट्रॅक्टर, पोस्टाची पिवळी गाडी आणि सायकली यांच्या वाट्याला येतं. फ्रान्स हा सायकलस्वारांचा देश म्हटलं की आल्प्सचे घाट डोळ्यांपुढे येतात, पण त्या लौकिकाचं मूळ या साध्यासुध्या रस्त्यांत आहे. आणि हे रस्ते सायकलसाठी कुणीही बांधलेले नाहीत.

२१ मे १८३६ रोजी फ्रान्समध्ये गावरस्त्यांचा कायदा झाला. पॅरिसहून निघणारे राजमार्ग तोवर चांगले होते. पूल आणि रस्त्यांचं सरकारी खातं १७१६ मध्येच स्थापन झालं होतं आणि त्याची अभियांत्रिकी शाळा युरोपभर नावाजलेली होती. गावं मात्र हिवाळा आला की चिखलात अडकून पडायची. नव्या कायद्याने गावरस्त्यांची देखभाल गावांवर बंधनकारक केली. पैसा कमी पडला तर धडधाकट पुरुषांकडून वर्षाला तीन दिवसांचं काम घेता येई. ज्याच्याकडे जनावर आणि गाडी असेल त्याने तीही आणायची. काम नको असेल त्याने त्याचे पैसे भरायचे. रस्त्याचा ठरावीक टप्पा एका कामगाराच्या ताब्यात असे. खड्डे बुजवणं, चर साफ ठेवणं, कडेचं गवत कापणं ही त्याची नोकरी.

त्या पिढ्यांच्या अंगमेहनतीतून गाव बाजारपेठेला आणि बाजारपेठ रेल्वे स्टेशनाला जोडली गेली. आजही फ्रान्समध्ये स्वतःचा महापौर आणि सभागृह असलेली जवळपास ३५ हजार कम्यून आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांची लोकसंख्या ५०० देखील नाही. एवढ्या लहान गावालाही शेजारच्या चार-पाच गावांकडे जाणारे डांबरी रस्ते असतात. त्यामुळे दोन शहरांमध्ये महामार्ग एक असला, तरी सायकलस्वारापुढे वाटा डझनभर असतात. मालाने भरलेली गाडी घोड्यांनी ओढायची म्हणून डोंगरातले रस्तेही वळणं घेत, बेताच्या चढाने वर नेलेले आहेत. आल्प्समधल्या बहुतेक नामांकित घाटांचा सरासरी चढ ६ ते ८ टक्क्यांच्या आसपास येतो. घोड्याच्या ताकदीला जो हिशेब लागू झाला, तोच पुढे माणसाच्या पायांना उपयोगी पडला.

या डझनभर वाटांतली नेमकी कोणती धरायची, हे नकाशा सांगतो. क्लेरमाँ-फेराँ शहरातल्या मिशलँ या टायर कंपनीने १९१० पासून साऱ्या फ्रान्सचे १:२,००,००० प्रमाणाचे नकाशे काढले. एक सेंटिमीटर म्हणजे दोन किलोमीटर. आजच्या नकाशात मोठे रस्ते लाल, मधले पिवळे आणि गावरस्ते पांढरे असतात. निसर्गरम्य टप्प्यांच्या कडेने हिरवी रेघ असते. चढ दाखवायला रस्त्यावर बाणाची टोकं काढलेली असतात. एक टोक म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून उभा चढ. हिरवी कडा असलेला पांढरा रस्ता दिसला की जुन्या सायकलस्वाराचं बोट तिथेच थांबतं. मोबाइलवर मार्ग आखणाऱ्यांनीही हा कागदी नकाशा एकदा पसरून बघावा. पडद्यावर वीस किलोमीटरचा तुकडा दिसतो, कागदावर अख्ख्या खोऱ्याची ठेवण कळते.

रस्त्याच्या नावातल्या ‘डी’वर मात्र डोळे झाकून विसंबू नये. सरकारने १९७० च्या दशकात आणि पुन्हा २००६ मध्ये हजारो किलोमीटरचे राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्यांकडे सोपवले. त्यांची नावं बदलली, वर्दळ तशीच राहिली. पॅरिसहून दक्षिणेला जाणारा जुना ‘एन ६’ बर्गंडीत आता ‘डी ९०६’ आहे. दगड पिवळा, पण ट्रक महामार्गाचेच. शिवाय आकडे जिल्ह्यापुरते असतात. जिल्ह्याची हद्द ओलांडली की त्याच रस्त्याचा क्रमांक बदलतो, आणि कित्येकदा डांबराचा पोतही बदलतो. पाटी दिसायच्या आधी हातांना कळतं.

सायकल घेऊन या वाटांवर नुसतं भटकण्यासाठी निघावं, या कल्पनेला फ्रान्समध्ये ज्याने आकार दिला तो माणूस सेंट-एतियेन या खाणी-कारखान्यांच्या शहरातला. पॉल द व्हिव्ही (१८५३ ते १९३०) रेशमाचा व्यापार करत होता. तो सोडून त्याने सायकलींचं दुकान घातलं, १८८७ मध्ये मासिक सुरू केलं आणि ‘व्हेलोसियो’ या नावाने लिहू लागला. शहराबाहेर पडलं की ११६१ मीटर उंचीची ग्राँ ब्वा खिंड लागते. तेव्हाच्या सायकलींना एकच गिअर असे. सपाटीवर जो गिअर हलका वाटतो, तो अशा चढावर गुडघे फोडतो. व्हेलोसियोने या खिंडीवर वर्षानुवर्षं वेगवेगळ्या गिअर-रचना तपासल्या आणि गिअर बदलता येणाऱ्या सायकलीचा आयुष्यभर प्रचार केला.

टूर द फ्रान्सचा संस्थापक आँरी देग्राँज याचं मत नेमकं उलटं होतं. गिअर बदलणं म्हणजे दुबळेपणा, असं तो मानत असे. १९०३ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. तोवर शर्यतवीर मागचं चाक काढून, उलटं बसवून गिअर बदलत होते. गावोगाव फिरणारे सामान्य सायकलस्वार मात्र केव्हाच डिरेलर वापरू लागले होते. आज प्रत्येक सायकलीवर जी सोय आहे ती शर्यतीआधी भटकंतीत रुजली, ही गोष्ट या इतिहासात अधोरेखित करण्यासारखी आहे. व्हेलोसियोने प्रवाशांसाठी नियमही घालून दिले होते. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, थांबे मोजके आणि छोटे ठेवा, आणि केवळ प्रौढी मिरवण्यासाठी पेडल मारू नका. पहिले दोन नियम आजही कुठल्याही सायकल क्लबात नवख्याला सर्वांत आधी सांगितले जातात. व्हेलोसियोचं स्मारक त्याच खिंडीवर आहे.

१९३६ साल तर सामान्य माणसासाठी मोलाचं. त्या वर्षी डाव्या पक्षांच्या ‘पॉप्युलर फ्रंट’ या आघाडीच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. मोटार परवडत नव्हती, सायकल परवडत होती. शहरांतली तरुण जोडपी दोघांनी चालवायच्या सायकलींवर तंबू बांधून खेड्यांकडे निघाली. अनेकांनी आपल्याच देशाचा समुद्र आणि डोंगर तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आता प्रत्यक्ष वाटांकडे वळू. सुरुवात प्रोव्हाँसमधल्या माँ व्हाँतूपासून करावी लागते. हा डोंगर १,९१० मीटर उंच, म्हणजे कळसूबाईहून अडीचशे-पावणेतीनशे मीटरनी अधिक, आणि आसपास त्याच्या तोडीचं काहीच नाही. तीन गावांतून तीन रस्ते माथ्यावर जातात. बेद्वाँ गावातून जाणारा रस्ता सर्वांत प्रसिद्ध: सुमारे २१ किलोमीटर अंतर, १,६०० मीटरची चढण. पहिले पाच-सहा किलोमीटर द्राक्षमळ्यांतून इतके सौम्य जातात की नवखा हमखास फसतो. सेंट-एस्तेव्हच्या वळणावर रस्ता एकदम जंगलात शिरतो आणि पुढचे नऊ-दहा किलोमीटर चढ ९ टक्क्यांच्या खाली क्वचितच येतो. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर एवढ्या चढावर ताशी १० किलोमीटरचा वेग राखायला सुमारे २०० वॅट ताकद सतत लागते. तेवढ्याच ताकदीत सपाटीवर ताशी तीसच्या पुढे जाता येतं. वेग कमी म्हणून वारा लागत नाही, वारा नाही म्हणून घाम सुकत नाही.

शॅले रेनार या ठिकाणी झाडी संपते आणि उरलेले सहा किलोमीटर उघड्या पांढऱ्या खडीतून जातात. दुरून पाहणाऱ्याला माथ्यावर बर्फ आहे असं वाटतं, तो असतो चुनखडक. जहाजबांधणीसाठीची लाकूडतोड, कोळसा भाजणं आणि मेंढ्यांची चराई यांनी हा डोंगर शतकानुशतकं बोडका झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उतारांवर पुन्हा झाडं लावली गेली, त्यांत अल्जीरियातून आणलेल्या बियांचे देवदारही होते. चढताना ज्या सावलीचा आधार वाटतो, ती त्या लागवडीची.

माथ्याच्या सुमारे दीड किलोमीटर अलीकडे टॉम सिम्पसन या ब्रिटिश सायकलपटूचं स्मारक आहे. १३ जुलै १९६७ च्या रणरणत्या दुपारी, टूरच्या टप्प्यात, तो तिथे कोसळला आणि मरण पावला. त्याने अँफेटामाइन घेतलं होतं, हे नंतर स्पष्ट झालं. येणारे-जाणारे पायरीवर पाण्याची बाटली किंवा टोपी ठेवून पुढे जातात. या डोंगरावर वारा उन्हाइतकाच घातक. २०१६ मध्ये मिस्त्राल वाऱ्यामुळे टूरच्या आयोजकांना शर्यतीची अंतिम रेषा माथ्यावरून शॅले रेनारला खाली आणावी लागली होती.

बेद्वाँ, मालोसेन आणि सो या तिन्ही गावांतून एकाच दिवसात माथा गाठणाऱ्यांचा एक क्लब १९८८ पासून आहे. एकूण चढण सुमारे ४,४०० मीटर. पराक्रम मोठाच आहे. तरीही या परिसरात एकच दिवस हाती असेल, तर तो नेस्क नदीच्या घळीला द्यावा. व्हील-स्यूर-ओझों गावातून ‘डी ९४२’ हा रस्ता कड्याच्या पोटातून, छोट्या-छोट्या बोगद्यांमधून, अगदी हलक्या चढाने सो गावाकडे जातो. खाली खोल दरी, समोर चुनखडकाची भिंत, आणि वर पोहोचल्यावर सोच्या पठारावरचे लॅव्हेंडरचे ताटवे. पठार उंचावर असल्याने इथली कापणी उशिरा, ऑगस्टमध्ये होते. जुलै अखेरीस गेलं तरी फुलं भेटतात. व्हाँतूच्या चढावर डोळे पुढच्या चाकावर खिळलेले असतात, इथे मान वर करून बघायला फुरसत मिळते.

नेस्कहून उत्तरेला व्हेरकोरचं पठार लागतं. चुनखडकाचे उभे कडे, वर घनदाट अरण्य. त्या अरण्यातलं लाकूड खाली सेंट-जाँ-आँ-रोयाँ गावात आणायचं कसं, हा एकोणिसाव्या शतकातला प्रश्न होता. उत्तर म्हणून काँब लाव्हाल या घळीच्या कड्यातच रस्ता कोरला. कामगार दोरांवर लोंबकळून सुरुंगांसाठी भोकं पाडायचे. १८६१ मध्ये सुरू झालेलं काम १८९८ मध्ये संपलं. आज त्या रस्त्यावरून सायकल नेताना एका बाजूला डोक्यावर झुकलेला खडक, दुसऱ्या बाजूला गुडघाभर कठडा आणि पलीकडे शेकडो मीटरचा तुटलेला कडा असतो. मोजक्या लाकूडव्यापाऱ्यांच्या गरजेपोटी केलेला हा रस्ता युरोपातल्या सर्वांत देखण्या सायकलवाटांत मोडतो.

असे रस्ते टिकवणं सोपं नाही. याच पठारावरचा ग्राँ गुले घळीतला रस्ता १८५० च्या दशकात खुला झाला होता. दरडींच्या भीतीने तो २००५ मध्ये बंद झाला आणि २००८ पासून वाहतूक बोगद्यातून जाते. बोगद्याने धोका टळला हे खरं, पण एक अद्भुत वाट हातची गेली, याचं दुःख मोठं आहे.

ज्यांना चढ नको त्यांच्यासाठी वेगळी सोय झाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावोगाव नेलेल्या छोट्या रेल्वेमार्गांपैकी अनेक विसाव्या शतकात बंद पडले. रूळ काढून त्यांवर मोटारींना मज्जाव असलेल्या ‘हरित वाटा’ केल्या गेल्या. बर्गंडीतली जिव्री ते क्लूनी ही त्यांतली पहिली, १९९७ ची. लोआर नदीच्या काठाने तर नेव्हेरजवळून अटलांटिक महासागरापर्यंत सुमारे ९०० किलोमीटरचा आखलेला मार्ग आहे. कुटुंबांसाठी या वाटा उत्तमच. पण त्या गावांच्या कडेने जातात. गावाच्या चौकातून, बेकरीसमोरून, शाळेजवळून नेणारा रस्ता पिवळ्या दगडाचाच.

आणि चौकात थांबण्याला तिथे एक सुंदर निमित्त आहे. फ्रेंच सायकल-भ्रमण महासंघाचा एक जुना उपक्रम आहे. प्रत्येक जिल्ह्यातली पाहण्यासारखी सहा ठिकाणं निवडलेली आहेत. सायकलने तिथे जायचं आणि तिथल्या दुकानात, कॅफेत किंवा गावच्या कार्यालयात कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. वेळेची मर्यादा नाही, शर्यत नाही. लोक तीस-चाळीस वर्षं सवडीने ही कार्डं भरतात. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘शंभर खिंडींच्या क्लब’ची अटही अशीच: शंभर निरनिराळ्या खिंडी सायकलने पार करायच्या, त्यांतल्या किमान पाच २,००० मीटरच्या वरच्या. किती वेळात, हे कुणी विचारत नाही. ज्या खिंडीचं नाव टूरमध्ये कधीच येणार नाही तीही व्हाँतूइतकीच मोजली जाते, म्हणून हे सदस्य अशा आडवळणी रस्त्यांवर भेटतात जिथे एरवी कुणी गेलंच नसतं.

खेड्यांतून जायचं तर खेड्यांची घड्याळंही पाळावी लागतात. दुपारी बारा ते दोन-अडीच दुकानं बंद. सोमवारी बऱ्याच बेकऱ्या बंद. रविवारी दुपारनंतर काही मिळेल असं गृहीत धरू नये. लहान गावांतली अनेक दुकानं तर कायमचीच मिटली आहेत. पाण्यासाठी जाणते सायकलस्वार थेट कब्रस्तान गाठतात. थडग्यांवरच्या फुलांसाठी तिथे नळ असतोच. चौकातल्या कारंज्यावर मात्र ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी आहे का ते आधी बघावं. उन्हाळ्यात डांबरावर बारीक खडी पसरून रस्ते दुरुस्त करतात. ‘ग्राव्हियों’ अशी पाटी दिसली की उतारावर वेग आवरलेला बरा. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो शेतातून आलेला ट्रॅक्टर का असेना. वस्तीबाहेर सायकलला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर सोडावं असा नियम आहे आणि तो पाळणारे चालक पुष्कळ भेटतात.

या साऱ्या गोष्टी एकत्र अनुभवायला मिळतात त्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये. १८९१ मध्ये एका वृत्तपत्राने ती शर्यत म्हणून भरवली. शार्ल तेराँ याने मिशलँचे काढता-घालता येणारे नवे टायर वापरून, न झोपता, ७१ तास २२ मिनिटांत ती जिंकली. व्यावसायिक शर्यत केव्हाच बंद पडली. आता दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये हौशी सायकलस्वार त्या वाटेने सुमारे १,२०० किलोमीटर जातात. कमाल वेळ ९० तास. गेल्या दोन्ही खेपांना सहा हजारांहून अधिक लोक सुटले. वाटेत एकही मोठा घाट नाही, पण नॉर्मंडी आणि ब्रिटनीच्या लहानलहान चढ-उतारांची बेरीज १२ हजार मीटरच्या घरात जाते. ब्रिटनीतली गावं रात्रभर जागी असतात. घरासमोर टेबल मांडून लोक कॉफी, पाणी, क्रेप देतात. काही ठिकाणी पैसे घेत नाहीत, घरी पोहोचल्यावर एक पोस्टकार्ड पाठवा एवढंच सांगतात.

त्या पोस्टकार्डांत आता महाराष्ट्रातून गेलेलीही असतात. पुणे, मुंबई, नाशिक इथले रँडोनर, म्हणजे लांब पल्ल्याचे हौशी सायकलस्वार, गेल्या काही खेपांपासून तिथे दिसू लागले आहेत आणि भारतातून जाणाऱ्यांची संख्या शेकड्यांत पोहोचली आहे. आपल्याकडे रविवारी पहाटे रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घालून निघालेले जे सायकलस्वार दिसतात, त्यांतल्या अनेकांच्या खिशात ब्रेव्हे कार्ड, म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पार केल्याची नोंद ठेवणारं कार्ड, असतं. त्याचे नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे आहेत: २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास. पुढचं पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस २०२७ मध्ये येतं, आणि त्यासाठी ही चारही अंतरं त्याच हंगामात पूर्ण करावी लागतात.